मीटरच्या पलीकडची वीज : जुन्या घरांतील वायरिंगची जबाबदारी कोणाची?

नवी दिल्ली : हैदराबादमधील चारमिनारलगतच्या गुलजार हौज परिसरात १८ मे २०२५ रोजी सकाळी लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. खाली दुकाने, वर राहती घरे आणि ये-जा करण्यासाठी एकच अरुंद वाट, अशी त्या इमारतीची रचना होती. प्राथमिक तपासात आगीचे कारण म्हणून शॉर्टसर्किटचा उल्लेख झाला. त्यापूर्वी पंधरा वर्षे, २३ मार्च २०१० रोजी, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीतील आगीत चाळीसहून अधिक लोक दगावले होते. तेथेही संशयाची सुई विजेकडेच वळली होती.

अशा दुर्घटनांनंतर 'शॉर्टसर्किट' हा शब्द जणू तपासाचा शेवट ठरतो. वास्तविक तपासाला सुरुवात तेथून व्हायला हवी. शॉर्टसर्किट हा बिघाडाचा अखेरचा क्षण असतो. तारेवरील आवरण वर्षानुवर्षे तापून कडक झालेले असते, एखादा सांधा सैल पडलेला असतो, वितळायला हवा तो फ्यूज जाड तारेने बांधलेला असतो. हा सगळा इतिहास भिंतीच्या आत, नजरेआड घडतो. देशातील जुन्या घरांत हा इतिहास तपासण्याचे काम कोणाचे, याचे स्पष्ट उत्तर आज कोणाकडेही नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूविषयक अहवालांनुसार देशात अलीकडच्या काळात दरवर्षी दहा हजारांहून अधिक लोक विजेच्या धक्क्याने मरण पावतात. त्यात शेतातील आणि उघड्या वाहिन्यांवरील अपघातांचाही समावेश असतो. आगीच्या अपघातांत शॉर्टसर्किटची नोंद स्वतंत्रपणे होते, आणि आगीत होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू निवासी इमारतींत होतात. घर हे सुरक्षित ठिकाण आहे, या समजाला ही आकडेवारी छेद देते.

दोन अँपिअरचे घर, पंचवीस अँपिअरचा संसार

मुंबईतील चाळी, पुणे-नाशिकचे वाडे, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथील जुनी मराठी वस्ती, जुन्या दिल्लीतील हवेल्या किंवा उत्तर कोलकात्यातील घरे यांच्यात स्थापत्याचे साम्य फारसे नाही. विजेच्या बाबतीत मात्र त्यांची अवस्था सारखीच आहे. या घरांत वायरिंग झाले तेव्हा वीज म्हणजे प्रामुख्याने उजेड आणि वारा असा अर्थ होता. ६० वॉटचे चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ, असा सुमारे ४०० वॉटचा भार धरला, तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर जेमतेम दोन अँपिअर प्रवाह लागत असे. दिव्यांच्या मंडलासाठी पाच अँपिअरचा फ्यूज पुरेसा होता.

आज त्याच घरात दीड टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र, दोन किलोवॉटचा गिझर, तितक्याच क्षमतेची इंडक्शन शेगडी, शीतकपाट आणि कपडे धुण्याचे यंत्र आहे. ही उपकरणे एकाच वेळी चालली, तर भार सहा किलोवॉटच्या आसपास पोहोचतो आणि प्रवाह पंचवीस अँपिअरच्या पुढे जातो. एकटा गिझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो.

येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम निर्णायक ठरतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. म्हणून जुनी तार जादा भार 'थोडाफार' सहन करते, हा समज फसवा आहे. ती लगेच पेट घेत नाही इतकेच. प्रत्येक उन्हाळ्यात तिचे आवरण आणखी थोडे सुकते, तडकते आणि ठिसूळ होते.

दोष नेमके कोठे

जुन्या घरांतील बिघाडांचे काही ठरलेले प्रकार आहेत. पहिला प्रकार तारेचा. सागवानी पट्टीवर खिळ्यांनी बसवलेल्या जुन्या तारांना रबराचे आवरण असे. ते काळाबरोबर सुकून हाताने चुरगळण्याइतके ठिसूळ होते. तांब्याच्या टंचाईच्या काळात अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन चढतो. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू दबत जातो आणि जोड सैल होतो. सैल जोडाच्या जागी ठिणग्या उडतात. पुढे त्याच तारेला तांब्याची नवी तार पिळून जोडली की दोन धातूंच्या संगमावर गंज धरतो. स्विचबोर्ड कोमट लागणे, त्यातून कुर्र असा आवाज येणे, प्लास्टिक पिवळे किंवा तपकिरी पडणे, जळका वास येणे ही अशा सैल जोडाची लक्षणे आहेत.

दुसरा प्रकार फ्यूजचा. पांढऱ्या चिनी मातीच्या पकडीत बारीक तार बांधण्याचा फ्यूज हे त्याच्या काळातील उत्तम संरक्षण होते. त्याचा दोष असा की ते वापरणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहते. फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात एकाऐवजी तीन पदर किंवा चक्क वायरीतील तांब्याची तार घातली जाते. फ्यूज उडणे थांबते, पण त्याची जागा भिंतीतील तार घेते. पुढच्या वेळी वितळण्याची पाळी तिची असते.

तिसरा आणि सर्वाधिक दुर्लक्षित प्रकार अर्थिंगचा. अनेक जुन्या घरांत दोनच तारा आहेत. तीन पिनांच्या सॉकेटमधील सर्वांत मोठ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसते. काही ठिकाणी नळाच्या लोखंडी पाइपलाच अर्थिंग मानले गेले. पुढे नळ बदलताना प्लास्टिकचे पाइप आले आणि त्या घराचे अर्थिंग कोणाच्याही लक्षात न येता संपले. प्लंबरला त्याची कल्पना नव्हती आणि वीजतंत्र्याला कोणी बोलावले नाही. धुलाई यंत्राला किंवा शीतकपाटाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेव्हा 'यंत्रात थोडा करंट उतरतो' असे म्हणून लाकडी पाट ठेवला जातो. धातूच्या त्या पृष्ठभागावर आलेल्या विजेला जमिनीत जाण्याची वाट उरलेली नाही, असा त्या झिणझिण्यांचा अर्थ आहे. पुढची वाट माणसाच्या शरीरातून जाते.

चौथा प्रकार संपूर्ण इमारतीचा. तीन फेजच्या पुरवठ्यावर अनेक बिऱ्हाडे वाटलेली असतात आणि त्यांची न्यूट्रल तार सामाईक असते. मीटरच्या जागी ही तार सैल झाली किंवा तुटली, तर एका घरातील दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरातील दाब २३० व्होल्टच्या पुष्कळ वर, प्रसंगी चारशेच्या जवळ जातो. एकाच रात्री अनेक घरांतील दूरचित्रवाणी संच जळाल्याच्या तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

मीटरची जागा हाही स्वतंत्र चिंतेचा विषय आहे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत सगळे मीटर व मेनस्विच लाकडी जिन्याखाली एकवटलेले असतात. त्याच कोनाड्यात जुन्या सायकली, रद्दी आणि रंगाचे डबे ठेवले जातात. इमारतीतील सर्वाधिक प्रवाह ज्या ठिकाणी एकत्र येतो, तेच ठिकाण बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेखाली असते. तेथे आग लागली, तर ज्वाळांच्या आधी धूर जिन्यातून वर चढतो आणि वरच्या मजल्यावरील लोक अडकतात.

एमसीबी पुरेसा नाही

सुधारणेच्या नावाखाली बहुतेक घरांत जुना फ्यूज काढून एमसीबी बसवला जातो. ते योग्यच आहे. मात्र एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाह वाहू लागल्यावर बंद होतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडण्यास अँपिअरचा अगदी लहान अंश पुरतो. ओल्या शरीराचा विद्युत रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. तो प्राणघातक आहे, तरीही एमसीबीच्या दृष्टीने तो नगण्य असतो.

हे काम आरसीसीबी हे उपकरण करते. बाजारात त्याला अजूनही ईएलसीबी म्हणण्याची सवय आहे. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. दोहोंत तफावत पडली, म्हणजे काही प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत गेला, तर ते क्षणार्धात पुरवठा तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी घरगुती वापरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवली असून ठरावीक भारापेक्षा अधिक भाराच्या जोडण्यांना असे उपकरण आवश्यक केले आहे. आधी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, नंतर २०१० च्या आणि आता २०२३ च्या विनियमांत ही तरतूद कायम आहे.

नियम असूनही जुन्या घरांत हे उपकरण फारसे दिसत नाही, यामागे एक व्यावहारिक कारण आहे. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवला की तो वारंवार तुटतो. ओल आलेल्या भिंतीतून थोडी गळती सुरूच असते, किंवा एका खोलीच्या दिव्याला दुसऱ्या मंडलाची न्यूट्रल तार जोडलेली असते. अशा वेळी 'हा स्विच खराब आहे' असे सांगून तो वगळून थेट जोडणी केली जाते. प्रत्यक्षात उपकरणाने आपले काम केलेले असते. त्याने दडलेला दोष उघड केलेला असतो, आणि दोषाऐवजी तो दाखवणाऱ्यालाच घराबाहेर काढले जाते.

तपासणी एकदाच, तीही सुरुवातीला

नव्या वीजजोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल वितरण कंपनीला सादर करावा लागतो. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, असा नियम आहे. दिवा, पंखा, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी त्यातून वगळलेली आहेत. परंतु जोडणी मिळाल्यानंतर त्या घराच्या भिंतींत काय घडते, हे पाहण्यासाठी सहसा कोणी परत येत नाही. मीटरपर्यंतची वाहिनी वितरण कंपनीची आणि मीटरनंतरचे सारे ग्राहकाचे, ही विभागणी कायद्याच्या दृष्टीने स्पष्ट आहे. दुर्घटना घडल्यावर २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते. दुर्घटनेपूर्वी निरीक्षक घराच्या उंबरठ्यापर्यंत येण्याची वेळ क्वचितच येते.

बांधकामाच्या बाबतीत परिस्थिती तुलनेने बरी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. इमारत कोसळण्याच्या घटनांनी ही जागरूकता निर्माण केली. त्याच इमारतीतील, तितक्याच वयाच्या वायरिंगची तपासणी मात्र प्रत्यक्षात क्वचितच होते. खांबाला तडा गेला तर तो दिसतो. तारेच्या आवरणाला गेलेला तडा दिसत नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत हा पेच अधिक गुंतागुंतीचा होतो. मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९ हजार ६४२ होती. पडझड आणि पुनर्विकास यांमुळे ती घटली असली, तरी हजारो इमारती अद्याप वापरात आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागा दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने टाळाटाळ केल्यास नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि कायद्याने घातलेल्या मर्यादेत तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कागदावर हा हक्क भक्कम दिसतो. परंतु जेथे मासिक भाडेच नाममात्र आहे, तेथे त्यातून संपूर्ण घराच्या वायरिंगचा खर्च वसूल होण्यास किती वर्षे लागतील, याचा हिशेब करणेही व्यर्थ आहे. मालकाला उत्पन्न नाही म्हणून तो खर्च करत नाही. भाडेकरूला मालकी नाही म्हणून तो करत नाही. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल, तर 'आता दोन वर्षांत इमारत पाडायचीच आहे' असे म्हणत दोघेही थांबतात. ती दोन वर्षे अनेकदा दोन दशके होतात.

यात मंजूर भाराचा प्रश्नही मिसळलेला आहे. दिल्लीसारख्या ठिकाणी वीजबिलातील स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो. वातानुकूलन यंत्र घेतल्यावर भारवाढीचा अर्ज केला, तर दरमहाचा खर्च वाढतो. साहजिकच अनेक घरे कागदावर दोन किलोवॉटची राहतात आणि प्रत्यक्षात तिप्पट वीज वापरतात. त्याचा ताण घरातील तारेवर येतो, तसाच गल्लीतील वाहिनीवर आणि रोहित्रावरही येतो.

धोरण पुढे, भिंत मागे

गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारने घरगुती विजेच्या क्षेत्रात मोठ्या योजना हाती घेतल्या. २०२१ मधील पुनर्रचित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद आहे. विजेवर स्वयंपाक करण्यास आणि विद्युत वाहने घरी चार्ज करण्यास प्रोत्साहन दिले जात आहे. या साऱ्या योजनांचे हेतू योग्य आहेत. मात्र त्या सर्वांचा भार अखेरीस त्याच जुन्या भिंतीतील तारेवर पडतो. मीटर बदलण्यासाठी निधी आहे, छतासाठी अनुदान आहे. त्या दोहोंच्या मधल्या वायरिंगसाठी यांपैकी कोणत्याही योजनेत स्थान नाही.

इतर देशांनी ही पोकळी वेगवेगळ्या मार्गांनी भरली आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी भाड्याच्या घरांची विद्युत तपासणी किमान पाच वर्षांतून एकदा करणे घरमालकावर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांहून जुनी विद्युत व्यवस्था असलेले घर विकताना तिचा तपासणी अहवाल खरेदीदाराला द्यावा लागतो. जपानमध्ये घरांच्या विद्युत व्यवस्थेची पाहणी सर्वसाधारणपणे चार वर्षांतून एकदा होते आणि ती जबाबदारी वीज पोहोचवणाऱ्या कंपनीवर आहे. इंग्लंडने भाडे, फ्रान्सने विक्री आणि जपानने पुरवठा हे निमित्त धरले. भारताएवढ्या मोठ्या देशात प्रत्येक घरी निरीक्षक पाठवणे अशक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. निमित्ते मात्र येथेही उपलब्ध आहेत. घराची खरेदी-विक्री, वीजजोडणीचे नाव बदलणे, भारवाढीचा अर्ज, सौर संचाची मंजुरी आणि स्मार्ट मीटरची बसवणी, या प्रत्येक वेळी कोणीतरी अधिकृत व्यक्ती कागद तरी तपासते किंवा घरी तरी येते. अर्थिंग आहे का आणि आरसीसीबी आहे का, या दोन प्रश्नांची नोंद त्याच वेळी झाली, तरी धोक्याच्या घरांचा पहिला नकाशा तयार होऊ शकेल.

रहिवाशांच्या हातात काय

धोरणाची वाट न पाहता करता येण्याजोग्या सुधारणांचा एक क्रम आहे. सर्वप्रथम परवानाधारक तारतंत्र्याकडून मेगर या उपकरणाने तारांच्या आवरणाची आणि स्वतंत्रपणे अर्थिंगची चाचणी करून घ्यावी. निष्कर्ष लेखी घ्यावेत. दुसरे काम अर्थिंग पूर्ववत करण्याचे. तिसरे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याचे. तो तुटू लागला, तर त्याला न वगळता दोष शोधावा, आणि त्यावरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. या उपकरणाची किंमत वातानुकूलन यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असते.

त्यानंतर गिझर, वातानुकूलन यंत्र आणि इंडक्शन शेगडी यांच्यासाठी मुख्य पेटीपासून योग्य जाडीची स्वतंत्र तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. एमसीबी तारेच्या क्षमतेला साजेसा असावा. वारंवार तुटतो म्हणून अधिक क्षमतेचा एमसीबी बसवणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची जुनीच चूक नव्या वेष्टनात करणे होय. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे घरगुती विद्युत तारांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी. इन्व्हर्टर असलेल्या घरांत मेनस्विच बंद केल्यावरही काही तारांत वीज असते, हे दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगणे आवश्यक आहे. सामूहिक पातळीवर जिन्याखालील मीटरची जागा मोकळी करणे, हा विनाखर्चाचा आणि कदाचित सर्वाधिक जीव वाचवणारा उपाय आहे.

संपूर्ण वायरिंग बदलणे प्रत्येक कुटुंबाला परवडणारे नाही, आणि ते एका दिवसात करण्याची गरजही नाही. पण या क्रमातील पहिल्या तीन पायऱ्या बहुतांश घरांच्या आवाक्यातील आहेत. उरलेल्या पायऱ्यांसाठी राज्य सरकारे, वितरण कंपन्या आणि स्थानिक संस्था यांना मीटरपाशी आखलेली जबाबदारीची रेषा थोडी पुढे सरकवावी लागेल. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी जो निधी खांब, छत आणि जिन्यावर खर्च होतो, त्यात वायरिंगलाही तेवढ्याच निकडीची बाब म्हणून स्थान द्यावे लागेल. तोपर्यंत आगीनंतरच्या पंचनाम्यात 'शॉर्टसर्किट' हा एक शब्द लिहिला जाईल, आणि त्यामागे साचलेली वर्षे तपासाबाहेरच राहतील.